कोणी पाहिले?

(सेनगाव येथे भरलेल्या पक्षाच्या तालुका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आजचा विषय सुचवला तेव्हा मी बरेच आढेवेढे घेतले. माझे सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले. शेतमालाचे भाव, सहकार, रोजगार हमी ह्यांवर बोलण्याची मला सवय. उत्क्रांतिवाद हा प्राणिशास्त्रज्ञांचा प्रांत आणि ऐतिहासिक कादंबरी हा समीक्षकांचा. पण संयोजकांनी जी अडचण सांगितली ती ऐकल्यावर मला नाही म्हणवेना. ते म्हणाले, आमचा कार्यकर्ता पीकविम्याचा प्रश्न घेऊन गावात जातो. पारावर पंधरा-वीस माणसे जमतात. दहा मिनिटांत कोणी तरी विचारतो, "माणूस माकडापासून झाला म्हणता, ते कोणी पाहिले?" दुसरा म्हणतो, "दशावतारात हे सगळे आमच्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवले आहे." तिसरा नुकत्याच पाहिलेल्या चित्रपटाचा विषय काढतो आणि म्हणतो, "संभाजीराजांचे हाल आम्ही डोळ्यांनी पाहिले. आता तुम्ही आम्हांला इतिहास शिकवू नका." कार्यकर्ता एक तर चिडतो किंवा गप्प बसतो. पीकविमा बाजूला राहतो आणि माणसे मनात अढी घेऊन उठून जातात.

मित्रहो, ह्या बोलण्यातील पहिले आणि शेवटचे वाक्य शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्याचा न्याय असा की, डोळ्यांनी पाहिले नाही म्हणून खोटे. शेवटच्याचा न्याय असा की, डोळ्यांनी पाहिले म्हणून खरे. पहिल्या बाबतीत दीडशे वर्षांत साठलेला पुराव्यांचा ढीग समोर असून तो मोजला जात नाही. शेवटच्या बाबतीत नटांनी पडद्यावर वठवलेला प्रसंग साक्ष म्हणून धरला जातो. पाहणे आणि पुरावा ह्यांत अंतर आहे. ते अंतर पुसले गेले की त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

'कोणी पाहिले' हा प्रश्न केवळ पारावरचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये, आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्र सरकारातील शिक्षण खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह ह्यांनी तो जाहीरपणे विचारला. डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आमच्या पूर्वजांनी कोठे लिहिलेले नाही की सांगितलेले नाही, म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी तत्काळ संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. खात्याच्या वरिष्ठ मंत्र्यांनीही त्यांना अशी विधाने टाळण्यास सांगितले.

मला ह्या प्रकरणात नवल वाटले ते एका वेगळ्याच गोष्टीचे. सत्यपाल सिंह हे मंत्री होण्यापूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. खून होताना पोलिसाने पाहिलेला असतो काय? तो पोचतो तेव्हा सारे होऊन गेलेले असते. मग तो पंचनामा करतो, ठसे घेतो, रक्ताचे डाग तपासायला पाठवतो, कोण कोठे होता त्याचा माग काढतो. दहा वेगवेगळ्या खुणा एकाच माणसाकडे बोट दाखवतात तेव्हा न्यायालय एकही प्रत्यक्षदर्शी नसताना शिक्षा देते. परिस्थितिजन्य पुरावा म्हणतात तो हाच. उत्क्रांतीचा पुरावा ह्याच जातीचा आहे. खडकांच्या थरांतील जीवाश्म एक साक्ष देतात, प्राण्यांच्या शरीररचनेची तुलना दुसरी, गर्भाची वाढ तिसरी आणि विसाव्या शतकात हाती आलेला डीएनए चौथी. हे साक्षीदार एकमेकांना ओळखत नाहीत, तरी त्यांची जबानी जुळते. ज्याने आयुष्यभर अशाच पुराव्यावर गुन्हे उघडकीला आणले त्याने 'कोणी पाहिले' असे विचारावे, ह्यात अज्ञानापेक्षा सोयीचा भाग अधिक असावा असे मला वाटते.

आणखी एक गैरसमज आपल्या बाजूनेही दूर करायला हवा. माणूस माकडापासून झाला, असे आपले कार्यकर्तेही बोलून जातात. शास्त्र तसे म्हणत नाही. आजचा माणूस आणि आजचा चिंपांझी ह्यांचे पूर्वज साधारणपणे साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी एक होते. तेथून वाटण्या झाल्या. माकड आपला आजोबा नव्हे, ते आपले भाऊबंद आहेत. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला आणखी समजावून सांगायला नको.

पण ह्या वादाची फळे भाषणापुरती राहिली नाहीत. करोनाच्या काळानंतर अभ्यासक्रमाचा बोजा कमी करण्याच्या नावाखाली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, दहावीच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' ह्या धड्यातून उत्क्रांती काढून टाकली. उरली ती आनुवंशिकता. २०२३ साली अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढले. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, असे उत्तर मिळाले. ते खरे आहे. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुले किती असतात, हे तुम्ही आपापल्या घरातच मोजा. दहावीवरच शिक्षण थांबलेल्या मुलीच्या कानी हा विषय कधीच पडणार नाही. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ ह्या विषयाचा घातला गेला, ही त्या मानाने अभिमानाची गोष्ट. ती टिकवणे हे आपले काम आहे.

आता कोणी म्हणेल, शेतकऱ्याच्या मुलीला उत्क्रांती कळली काय आणि न कळली काय, तिच्या पोटापाण्याशी तिचा संबंध काय? माझ्या अर्थशास्त्राचा प्रांत येथे सुरू होतो.

ह्या सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी कापूस लावला असेल. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले, त्यामुळे पऱ्हाटीच्या अंगातच अळीला मारणारे प्रथिन तयार होऊ लागले. २००६ मध्ये अशी दोन प्रथिने असलेले वाण आले. पहिली काही वर्षे फवारण्या कमी झाल्या, बोंडे चांगली लागली. पुढे काय झाले? गुजरातेतील चार जिल्ह्यांत पहिल्या प्रथिनाला शेंदरी बोंडअळी, जिला आपण गुलाबी म्हणतो ती, दाद देत नाही असे आढळले आणि २०१० साली खुद्द बियाणे कंपनीने ते मान्य केले. पाच-सहा वर्षांत दुसऱ्या प्रथिनाचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भात आणि मराठवाड्यात उभी पऱ्हाटी नांगरण्याची पाळी आली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले, हे आपण विसरलेलो नाही.

अळीने हे शिक्षण कोठे घेतले? कोठेच नाही. लाखो अळ्यांमध्ये एखाद-दुसरी अशी असते की, तिच्या जन्मजात घडणीमुळे ते प्रथिन तिला बाधत नाही. बाकीच्या मरतात, ती जगते. तिची पिल्ले तिच्यासारखी निघतात. पुढच्या हंगामात अशा अळ्या शंभर होतात, त्यापुढे लाख. निसर्गनिवड म्हणजे एवढेच. डार्विनने १८५९ साली जे पुस्तकात मांडले ते आपल्या शेतकऱ्याने पंधरा वर्षांत आपल्या बोंडात पाहिले. तेव्हा पारावर कोणी 'कोणी पाहिले' असे विचारले तर त्याला जंगलात न नेता शेतात न्यावे. म्हणावे, तुम्हीच पाहिले.

ह्याच गोष्टीचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. अमेरिकन बोंडअळीवरही बीटीचा मारा तितकाच होता, पण ती ह्या गुलाबी अळीइतकी निगरगट्ट झाली नाही. का? ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते. तेथे बीटी नसते. तेथल्या साध्या, मरू शकणाऱ्या अळ्यांचे पतंग कपाशीतील वाचलेल्या पतंगांशी जुगतात आणि पुढच्या पिढीत मरणाऱ्या अळ्यांचे प्रमाण टिकते. गुलाबी अळी आपल्याकडे जवळजवळ कपाशीवरच जगते. तिला दुसरे घर नाही. म्हणूनच शास्त्रज्ञांनी सांगितले होते की, बीटीच्या कडेने साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, ह्यांतले जे जास्त असेल ते, राखून ठेवा. ४५० ग्रॅमच्या बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची नॉनबीटीची पुडी त्यासाठीच असे. ती पुडी आपण काय केली? बहुतेकांनी ती बांधावर फेकली. तिचा उद्देश कोणी समजावला नव्हता. काही ठिकाणी तिच्यातले बियाणे धड उगवतही नव्हते. शिवाय फरदड धरून कपाशी मार्चपर्यंत उभी ठेवली, म्हणजे अळीच्या आणखी दोन-तीन पिढ्यांची सोय आपणच केली.

अर्थशास्त्रात ह्याला सामायिक मालमत्तेचा प्रश्न म्हणतात. गायरान जसे साऱ्या गावाचे, तशी मरू शकणारी अळी ही साऱ्या शिवाराची ठेव आहे. एकट्याने पाच ओळी राखल्या तर नुकसान त्याचे आणि लाभ गावाचा. म्हणून कोणीच राखत नाही आणि ठेव सर्वांचीच बुडते. हा प्रश्न बाजार सोडवीत नाही आणि एकटा शेतकरीही सोडवू शकत नाही. तो गाव मिळून, कृषिखाते मिळून सोडवावा लागतो. आणि तो समजायला उत्क्रांती समजावी लागते. 'दहावीच्या मुलांना हे कशाला' असे ज्यांना वाटते त्यांना कोणी तरी हा हिशेब दाखवला पाहिजे. कंपनीला उत्क्रांती ठाऊक असते, शास्त्रज्ञाला ठाऊक असते. ती ठाऊक नसते ती फक्त नुकसान सोसणाऱ्याला.

आता सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथेकडे येतो. अमेरिकेत हा वाद बायबलवरून झाला. १९२५ साली टेनेसी राज्यात एका शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला भरला गेला. तेथे प्रश्न होता पृथ्वीच्या वयाचा आणि देवाने सहा दिवसांत काय केले ह्याचा. आपल्याकडील उत्पत्तिकथेचा रोख निराळा आहे. विराट पुरुषाच्या मुखातून कोण, बाहूतून कोण, मांडीतून कोण आणि पायांतून कोण, हे ती सांगते. म्हणजे आपली सृष्टिकथा ही दर्जाची कथा आहे. म्हणूनच तिच्याशी पहिला उघड सामना येथे प्राणिशास्त्रज्ञाने केला नाही. तो महात्मा फुले ह्यांनी केला. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडिबा ह्यांचा संवाद आहे. तेथे प्रश्न येतो की, ब्रह्म्याच्या चार अवयवांतून चार वर्ण झाले तर इंग्रज वगैरे लोक कोठून झाले, मनूने त्यांचा उल्लेख का केला नाही? आणि मुखातून जन्म झाला असेल तर जन्माला लागणारी बाकीची व्यवस्थाही मुखातच होती काय? 'कशावरून' हा शब्द मराठीत एवढ्या निर्भयपणे फार थोड्यांनी उच्चारला असेल.

दशावतारवाल्यांनाही येथेच उत्तर मिळते. मासा, कासव, डुक्कर, नरसिंह, वामन हा क्रम उत्क्रांतीसारखा दिसतो खरा. जानेवारी २०१९ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या व्यासपीठावर एका कुलगुरूंनीही तसे सांगितले. पण अवतार हेतू धरून खाली उतरतो. उत्क्रांतीला हेतू नाही आणि तिला शिडीही नाही. तिच्यात कोणी वरचा आणि कोणी खालचा ठरत नाही. दिसण्यातील साम्य म्हणजे ज्ञान नव्हे. आकाशात पक्षी पाहून विमान सुचणे वेगळे आणि विमान बांधणे वेगळे.

पण मित्रहो, येथे मला आपल्याच घरातील एक गोष्ट सांगायची आहे आणि ती थोडी कडू आहे. फुल्यांनी त्याच पुस्तकात दशावतारांचा इतिहास करून दाखवला. मत्स्य म्हणजे लहान होड्यांतून चपळाईने आलेले आर्य, कच्छ म्हणजे मोठ्या, संथ गलबतांतून आलेले, आणि वामनाने फसवलेला बळी हा येथील रयतेचा राजा. शस्त्र म्हणून ही मांडणी अप्रतिम आहे. जी पुराणे शूद्रांना दडपण्यासाठी वापरली गेली तीच त्यांनी उलटी करून धरली. पण आपले कार्यकर्ते ती इतिहास म्हणून सांगतात आणि दुसऱ्याने रामसेतूचा इतिहास सांगितला की हसतात. हे चालणार नाही. समोरचा माणूस अडाणी नसतो. आपली दुहेरी वजने त्याच्या ध्यानात येतात.

ह्यावर कोणी म्हणेल, मग फुल्यांना खाली उतरवायचे काय? त्याचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी देऊन ठेवले आहे. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि तो महात्मा फुल्यांना अर्पण केला. आणि त्याच ग्रंथात, फुल्यांच्या मांडणीचा जो पाया, तो आर्य-वंशाच्या आक्रमणाचा सिद्धांत, पुरावा टिकत नाही म्हणून त्यांनी नाकारला. गुरूच्या चरणी ग्रंथ ठेवायचा आणि गुरूचे न पटलेले मतही त्याच ग्रंथात खोडायचे, ह्याला मी सत्यशोधकपणा म्हणतो. पुढे २०१९ साली प्राचीन डीएनएचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात, इसवी सनापूर्वी २००० ते १५०० ह्या काळात मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून लोक येथे आले आणि मिसळले, असे दिसले. म्हणजे आंबेडकरांच्या मतालाही आज पुरवणी जोडावी लागते. वंशाची शुद्धता मात्र कोणाचीच उरत नाही. आपण सगळेच मिसळलेले आहोत. दोघांची थोरवी ह्याने तिळमात्र कमी होत नाही.

आता इतिहास आणि कादंबरी. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' चित्रपट प्रदर्शित झाला. तो शिवाजी सावंतांच्या त्याच नावाच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. पुढील पाच आठवड्यांत घडलेल्या तीन गोष्टी मी तुमच्यापुढे ठेवतो. पहिली, गणोजी आणि कान्होजी शिर्के ह्यांना फितूर दाखवल्याबद्दल शिर्के घराण्यातील लोकांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांना क्षमा मागावी लागली. दुसरी, मराठी मुलखाच्या सीमेवर, बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी, चित्रपटात मोगलांच्या खजिन्याचा उल्लेख ऐकून माणसे रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणू लागली. तिसरी गोष्ट हसण्याजोगी नाही. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा ह्या मागणीवरून १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली आणि एका माणसाचा जीव गेला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, ह्या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना जागृत झाल्या. १७०७ साली मेलेल्या बादशहाचा राग २०२५ साली नागपूरच्या गल्लीतील जिवंत माणसांवर निघाला.

मी कादंबरीच्या विरुद्ध नाही. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसाई, ना. सं. इनामदार, सावंत ह्यांच्यापर्यंतच्या कादंबऱ्या वाचतच मी वाढलो. कादंबरीकाराला स्वातंत्र्य हवेच. दोन पत्रांमधील रिकामी जागा तो संवादाने भरतो. तो संवाद कोणी ऐकला, असे त्याला विचारणे हा अरसिकपणा झाला. पण वाचकाने ती भरलेली जागा पत्राइतकीच खरी धरली की घोटाळा सुरू होतो.

खुद्द संभाजीराजांचीच गोष्ट पाहा. शंभर-दीडशे वर्षे मराठी नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी त्यांना व्यसनी आणि बेजबाबदार रंगवले. त्याचे मूळ मुख्यतः मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीत, आणि ती राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी, संभाजीराजांनी ज्यांना देहान्त शिक्षा दिली त्या बाळाजी आवजींच्या वंशजाने लिहिलेली. ती प्रतिमा कोणी पुसली? पुतळे हलवणाऱ्यांनी नव्हे. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा रात्रीतून नदीत गेला. त्याने इतिहासाच्या ज्ञानात एका ओळीची भर पडली नाही. ती प्रतिमा पुसली वा. सी. बेंद्रे ह्यांनी. अनेक वर्षे दप्तरे चाळून, मोगल, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदपत्रे ताडून त्यांनी १९६० साली संभाजीराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यांच्यामागून डॉ. कमल गोखले ह्यांनी त्याच शिस्तीने काम केले. राजकारण जाणणारा, संस्कृतात ग्रंथ रचणारा, नऊ वर्षे चारी शत्रूंशी झुंजणारा राजा त्या कागदांतून उभा राहिला. कादंबरी आणि चित्रपट नंतर आले. ज्या संभाजीराजांसाठी आज लोकांच्या डोळ्यांत पाणी येते ते त्यांना बेंद्र्यांच्या कष्टामुळे मिळाले आहेत, आणि बेंद्र्यांचे नाव पारावर कोणाला ठाऊक नाही. संभाजीराजांवर प्रेम करणाऱ्याने कागदाशी वैर धरणे हा कृतघ्नपणा आहे.

पुराव्यापुढे थोर माणसेही कशी वागतात ह्याचे एक उदाहरण देतो. शिवजयंतीचा उत्सव टिळकांनी रुजवला, तेव्हा महाराजांचे जन्मवर्ष १६२७ धरले जाई. पुढे कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली टिळकांच्याच हाती आली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी तिथी निघाली. टिळकांनी ती शकावली दडपली नाही. १९१६ साली प्रसिद्ध केली. तारखेचा वाद त्यानंतर अनेक दशके चालला आणि २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी मान्य केली. टिळकांच्या अनेक मतांशी आपले भांडण आहे. पण आपल्याच उत्सवाला गैरसोयीचा होणारा कागद छापणे, ही गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे.

शेवटी माझीच एक फजिती सांगून थांबतो. ती इथल्याच मुलखातली आहे. तरुणपणी मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि बुद्धिवादाची नवी धार चढली होती. आपले औंढा नागनाथ तुम्हांला ठाऊकच आहे. नरसीचे नामदेव महाराज तेथे कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी शिंपी म्हणून त्यांना देवळामागे घालवले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा येथे प्रत्येक आजी सांगते. नंदी मागच्या बाजूला आहे, हा तिचा दाखला. एका वृद्ध वारकऱ्याशी मी तासभर वाद घातला. हेमाडपंती दगडांचे वजन सांगितले, पाया कसा भरतात ते सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "मास्तर, देऊळ फिरलं का न्हाई ते मला ठावं न्हाई. पर नाम्याला मागं धाडलं व्हतं, त्ये तर खोटं न्हाई ना?"

मला उत्तर सुचले नाही. घरी परतताना लक्षात आले की, मी दगडांविषयी बरोबर होतो, पण कथा कशाविषयी आहे हे त्यांना कळले होते. ती कथा सांगणाऱ्यांना देवळाचे भूमितिशास्त्र सांगायचे नव्हते. ज्याला मागे बसवले त्याच्या बाजूला देव आहे, एवढे त्यांना सांगायचे होते. आणि गंमत अशी की, देऊळ खरेच फिरले असे छातीठोकपणे सिद्ध करू पाहणारा माणूसही तीच चूक करतो. तोही दगडांवरच बोलत राहतो आणि नामदेवांना मागे कोणी घालवले, हा प्रश्न दोघांच्या भांडणात हरवतो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. कथेला कथा म्हणून मान द्या; तिच्यात दडलेला न्यायाचा प्रश्न उचलून धरा. कोणी तिला इतिहास म्हणू लागला तर न चिडता 'कशावरून' असे विचारा आणि तोच प्रश्न आपल्या लाडक्या कथांनाही विचारा. 'कोणी पाहिले' असे कोणी म्हटले तर त्याला बोंडअळीची गोष्ट सांगा आणि नॉनबीटीची पुडी बांधावर का फेकली गेली ह्यावर बोला. तेथून पीकविम्यापर्यंत यायला फार वेळ लागत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली आणि कॉम्रेड गोविंद पानसरे ह्यांची २०१५ साली हत्या झाली. पहिल्यांनी बुवाबाजीला 'कशावरून' असे विचारले होते आणि दुसऱ्यांनी 'शिवाजी कोण होता?' ह्या छोट्या पुस्तकात रयतेचा राजा कागदपत्रांच्या आधाराने दाखवला होता. दोघेही आवाज न चढवता बोलत. त्यांचा शब्द एवढा झोंबला त्याचे कारण त्यांचा पुरावा होता.

सेनगावच्या पारावर उद्या पुन्हा कोणी तरी हेच तीन विषय काढील. त्या वेळी उठून जाऊ नका. चहा मागवा आणि बसा.